‘यस्टरडे’ मॅकार्टनीचं, मग मालकी सोनीची कशी?

सॅम मेंडिस हा ब्रिटिश दिग्दर्शक बीटल्स या १९६०च्या दशकातल्या ब्रिटिश बँडवर एक नाही, चार चित्रपट करतोय. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार, प्रत्येकाच्या वाट्याला एक. चारही एप्रिल २०२८ मध्ये येणार असं जाहीर झालंय आणि पैसा सोनी पिक्चर्सचा आहे. या बातमीच्या पाठोपाठ एक वाक्य हमखास वाचायला मिळतं, की बीटल्सची गाणी बीटल्सच्या मालकीची नाहीत. कुणी सांगतं ती मायकल जॅक्सनने घेतली, कुणी सांगतं सोनीने. मॅकार्टनीला स्वतःचं गाणं गायलासुद्धा पैसे मोजावे लागतात, असंही कुणी छातीठोकपणे सांगतं. यातलं काही खरं आहे, काही अर्धवट आणि शेवटचं बऱ्याच अंशी चुकीचं.

बीटल्सचा इतिहास एरवी लिव्हरपूलची चार पोरं, हॅम्बर्गचे क्लब, किंचाळणाऱ्या मुली आणि शेवटची भांडणं या क्रमाने सांगितला जातो. त्याच वर्षांत कागदांचाही एक इतिहास घडत होता आणि तो मला कमी महत्त्वाचा वाटत नाही. सहा-सात वर्षांत दोन तरुणांच्या हातून त्यांच्याच गाण्यांची मालकी गेली, तीही रीतसर सह्या करून. त्यातली जवळजवळ प्रत्येक सही त्या वेळी शहाणपणाचीच वाटत होती.

एका गाण्याचे दोन मालक

कॉपीराइट म्हटलं की एकाच वस्तूची मालकी डोळ्यांसमोर येते. गाण्याला मात्र दोन कॉपीराइट असतात. पहिला रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे ती रचना अमुक गायकाने अमुक दिवशी स्टुडिओत गायली त्या मूळ प्रतीचा. या प्रतीला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात.

रचना ही जमीन आणि ध्वनिमुद्रण हे तिच्यात घेतलेलं पीक, असं धरून चाला. जमीन एकाच्या नावावर आणि कसणारा दुसराच, हे आपल्याकडे गावोगाव दिसतं. पुढच्या हंगामात तिसऱ्याच कुणी पीक घेतलं तर पीक त्याचं, पण खंड मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्यालाच द्यायचा. ‘यस्टरडे’ आजवर शेकडो गायकांनी गायलंय. प्रत्येकाचं मुद्रण निराळं, त्याचा मालक निराळा. तरी विकल्या गेलेल्या प्रत्येक रेकॉर्डमागे, रेडिओवरच्या प्रत्येक प्रक्षेपणामागे आणि आता प्रत्येक स्ट्रीममागे थोडे पैसे रचनेच्या मालकाकडे जातात.

हा मालक बहुतेक वेळा संगीत प्रकाशक असतो. गाणं लोकांपुढे आणायचं, वापराच्या परवानग्या द्यायच्या, जगभरातून पैसे गोळा करायचे, ही त्याची कामं. त्या बदल्यात तो रचनेची मालकी लिहून घेतो आणि उत्पन्न साधारण निम्मं-निम्मं वाटलं जातं. लिहिणाऱ्याच्या निम्म्या भागाला लेखकाचा हिस्सा म्हणतात. मालकी विकली गेली तरी हा हिस्सा सहसा लिहिणाऱ्याकडेच राहतो. हे पक्कं लक्षात ठेवा, कारण पुढचे निम्मे गैरसमज ते न कळल्याने होतात.

आता ‘यस्टरडे’कडे बघू. ही चाल मॅकार्टनीला लंडनमध्ये विम्पोल स्ट्रीटवरच्या एका घरात झोपेतून उठता उठता सुचली. शब्द सुचेपर्यंत तो तिच्यावर अंड्याच्या भुर्जीबद्दलच्या वाटेल त्या ओळी बसवून गुणगुणायचा. १४ जून १९६५ला, म्हणजे तेविसाव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, त्याने ते गिटारवर एकट्याने गायलं. मागे चार तंतुवाद्यं आहेत. बाकीच्या तीन बीटल्सपैकी एकाचाही आवाज किंवा वाद्य त्यात नाही. तरी नाव लागलं लेनन–मॅकार्टनी असं जोडीने, कारण दोघांचं पहिल्यापासून तसं ठरलेलं होतं. रचनेची मालकी नॉर्दर्न साँग्ज नावाच्या कंपनीकडे गेली आणि मास्टरची ईएमआय या रेकॉर्ड कंपनीकडे. इतकं एकट्याने केलेलं गाणं, पण मालकीच्या रकान्यात मॅकार्टनीचं नाव कुठेच नव्हतं.

एका फोनने झालेली ओळख

नॉर्दर्न साँग्ज कुठून आली? ऑक्टोबर १९६२मध्ये बीटल्सची पहिली रेकॉर्ड निघाली. तिचं प्रकाशन ईएमआयच्याच एका शाखेकडे होतं आणि त्या शाखेने गाणं खपवायला फारसे हातपाय हलवले नाहीत, असं बीटल्सचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन याला वाटलं. तो लिव्हरपूलमध्ये घरच्या दुकानाचा रेकॉर्ड विभाग सांभाळणारा माणूस. गाणी विकायची त्याला चांगली माहीत, गाण्यांचे हक्क हा विषय नवा. निर्माता जॉर्ज मार्टिनने त्याला डिक जेम्सकडे पाठवलं. जेम्स आधी गायक होता आणि नुकताच प्रकाशनात उतरला होता.

जेम्सने एपस्टाइनसमोरच टीव्हीच्या एका निर्मात्याला फोन लावला, बीटल्सची दुसरी रेकॉर्ड फोनवरच ऐकवली आणि देशभर बघितल्या जाणाऱ्या कार्यक्रमात त्यांची जागा पक्की केली. जे आधीच्या प्रकाशकाला जमलं नव्हतं ते या गृहस्थाने पाच मिनिटांत केलं. एपस्टाइन भारावला नसता तरच नवल.

फेब्रुवारी १९६३मध्ये नॉर्दर्न साँग्ज स्थापन झाली. निम्मी मालकी जेम्स आणि त्याचा भागीदार चार्ल्स सिल्व्हर यांच्या कंपनीची, लेनन आणि मॅकार्टनी यांची प्रत्येकी २० टक्के, एपस्टाइनच्या बाजूची १० टक्के. लेनन २२ वर्षांचा होता, मॅकार्टनी २०चा. सही करताना आपण काय देतोय ते कळलंच नव्हतं, असं मॅकार्टनीने पुढे अनेकदा सांगितलंय.

जेम्सला सरसकट खलनायक ठरवणं मला पटत नाही. त्या काळात नवख्या गीतकाराला प्रकाशक कंपनीत भागीदारी देतच नसत. गाणं घ्यायचे, नेहमीची रॉयल्टी द्यायचे, संपलं. दोघांना मिळून ४० टक्के ही त्या मानाने चांगली बोली होती. मेख एवढीच, की निर्णायक निम्मा भाग दुसऱ्याच्या हातात राहिला.

गाणी शेअर बाजारात

दोन वर्षांत बीटल्स जगभर पोचले आणि पैशांबरोबर प्राप्तिकरही आला. ब्रिटनमध्ये तेव्हा वरच्या टप्प्यातल्या उत्पन्नातला बहुतांश भाग सरकार घेत असे. शेअर बराच काळ ठेवून विकले तर होणाऱ्या नफ्यावर मात्र तोवर कर नव्हता. तो भांडवली नफा कर एप्रिल १९६५पासून आला. त्यामुळे रॉयल्टी घेत बसण्यापेक्षा कंपनी बाजारात आणून थोडे शेअर विकावेत, हा सल्ला हिशेबाने बरोबर होता.

फेब्रुवारी १९६५मध्ये नॉर्दर्न साँग्ज लंडनच्या शेअर बाजारात आली. ५० लाखांपैकी साडेबारा लाख शेअर लोकांना दिले, भाव ७ शिलिंग ९ पेन्स. लेनन आणि मॅकार्टनीकडे प्रत्येकी १५ टक्के उरले, जेम्स आणि सिल्व्हरकडे मिळून साडेसदतीस. हॅरिसन आणि रिंगोला दोघांत मिळून १.६ टक्के. कर वाचला खरा, पण त्या दिवसापासून लेनन–मॅकार्टनीची गाणी कुणालाही बाजारातून विकत घेता येतील अशी वस्तू झाली.

१९६९

ऑगस्ट १९६७मध्ये एपस्टाइन वारला. चौघांचा आणि धंद्याचा दुवाच तुटला. जेम्सशी संबंध आधीच आंबले होते, कारण पोरं आता मोठी झाली होती आणि १९६३च्या बोलीवर पुन्हा बोलायचं म्हणत होती. मार्च १९६९मध्ये दोघांचीही नुकतीच लग्नं झाली होती, दोघेही लंडनबाहेर होते. तेवढ्यात जेम्सने आपला हिस्सा ल्यू ग्रेडच्या एटीव्ही या टीव्ही कंपनीला विकून टाकला. तुम्ही घेता का, हे लेनन–मॅकार्टनीला आधी विचारलंदेखील नाही. इथे मात्र मी जेम्सची बाजू घेणार नाही. कायद्याने त्याला तशी मुभा होती, पण ज्यांच्या जिवावर तो श्रीमंत झाला त्यांना एक फोन करायला हवा होता. ओळखही फोननेच झाली होती.

मग शेअर गोळा करण्याची शर्यत लागली. एका बाजूला एटीव्ही, दुसऱ्या बाजूला बीटल्स आणि मध्ये लंडनच्या काही गुंतवणूकदारांचा एक गट. त्याचे शेअर ज्याच्या पारड्यात पडतील तो जिंकणार होता. याच धामधुमीत लेननला कळलं की त्याच्याकडे सुमारे साडेसहा लाख शेअर आहेत आणि मॅकार्टनीकडे साडेसात लाख. मित्राने गुपचूप जास्तीचे घेऊन ठेवले होते. आधीच ॲलन क्लाइन या नव्या व्यवस्थापकावरून दोघांचं बिनसलं होतं, त्यात ही भर. गुंतवणूकदारांचा गट शेवटी एटीव्हीकडे गेला आणि शरद ऋतूपर्यंत खेळ आटोपला. अल्पमतात राहून उपयोग नाही म्हणून लेनन आणि मॅकार्टनीने आपलेही शेअर एटीव्हीला देऊन टाकले. बँड फुटण्याची जी कारणं सांगितली जातात, त्यांत हे कागदाचं भांडण अगदी वर यायला हवं असं मला वाटतं. ३१ डिसेंबर १९७०ला मॅकार्टनीने भागीदारी मोडण्यासाठी कोर्टात दावा लावला. ती कायद्याने संपायला जानेवारी १९७५ उजाडलं.

हॅरिसन सुटला कसा

याच कहाणीत एक माणूस वेळेवर सावध झाला. हॅरिसनच्या गाण्यांवर लेनन आणि मॅकार्टनीला शेअरधारक म्हणून त्याच्यापेक्षा जास्त लाभ मिळत होता. तो इतका चिडला, की त्याने त्यावर एक उपरोधिक गाणंच लिहिलं आणि नावातच नॉर्दर्न साँग्जला चिमटा काढला.

जानेवारी १९६८मध्ये तो मुंबईत होता. फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत एका चित्रपटाच्या संगीताचं मुद्रण चाललं होतं. एचएमव्ही म्हणजे ईएमआयचीच भारतातली शाखा. भारतीय वादकांना घेऊन त्याने त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’चा वाद्यमेळ ध्वनिमुद्रित केला. बासरी हरिप्रसाद चौरसियांची. मार्चमध्ये ते गाणं बीटल्सच्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला आलं आणि सिंगलवर जागा मिळालेली हॅरिसनची ही पहिली रचना ठरली. मालकी मात्र अजून नॉर्दर्न साँग्जचीच. त्याच महिन्यात त्याचा करार संपला. हॅरिसनने तो वाढवला नाही, हॅरिसाँग्ज ही स्वतःची प्रकाशन कंपनी पुढे केली.

या निर्णयाचं मोल पुढच्याच वर्षी दिसलं. ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’ ही १९६९ची गाणी त्यामुळे एटीव्हीकडे गेली नाहीत, पुढे जॅक्सनकडेही नाहीत. स्पॉटिफायवर १०० कोटी स्ट्रीमचा टप्पा गाठणारं बीटल्सचं पहिलं गाणं ‘हिअर कम्स द सन’ आहे. बँडचा धाकटा, ज्याच्या वाट्याला एका अल्बमवर जेमतेम दोन गाणी यायची, त्याच्या त्या गाण्याची मालकी घरातच राहिली.

मायकल जॅक्सनने दगा दिला का?

एटीव्ही १९८०च्या दशकात हात बदलत गेली. मॅकार्टनी आणि लेननची पत्नी योको ओनो यांनी मिळून गाणी परत घ्यावीत अशी बोलणी झाली, पण जुळलं नाही. कंपनी रॉबर्ट होम्स-अ-कोर्ट या ऑस्ट्रेलियन उद्योगपतीकडे गेली. त्याच सुमारास मॅकार्टनी आणि जॅक्सन एकत्र गात होते आणि गाण्यांचे हक्क विकत घेण्यात केवढा पैसा आहे, हे मॅकार्टनीनेच त्याला समजावलं होतं. १९८५मध्ये जॅक्सनने एटीव्ही म्युझिक ४ कोटी ७५ लाख डॉलरना घेतली. तिच्यात सुमारे ४,००० गाणी होती, बीटल्सची त्यातली अडीचशेच्या आसपास.

मैत्रीत हे बसत नाही आणि मॅकार्टनीला ते लागलं, हे खरं. पण ‘पळवली’ म्हणणं चूक आहे. गाणी १९६९पासूनच परक्यांच्या हातात होती, जॅक्सन त्या रांगेतला फक्त पुढचा. १९९५मध्ये त्याने सोनीशी निम्मी भागीदारी केली. त्याच्या मृत्यूनंतर, २०१६मध्ये, उरलेला अर्धा हिस्सा सोनीने ७५ कोटी डॉलर मोजून घेतला. आज रचना सोनी म्युझिक पब्लिशिंगकडे आहेत.

मग मॅकार्टनीला काहीच मिळत नाही?

मिळतं. लेखकाचा हिस्सा त्याच्याकडे आहे आणि लेननचा त्याच्या वारसांकडे. ‘यस्टरडे’ कुठेही वाजलं की दोन्हीकडे पैसे जातात. सोनीकडे जातो तो प्रकाशकाचा वाटा.

कार्यक्रमाचं म्हणाल तर जाहीर गायनाचा परवाना सभागृह किंवा आयोजक काढतो, गायक नव्हे. ती रक्कम हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे जमा होते आणि तिथून लेखक व प्रकाशक यांच्यात वाटली जाते. म्हणजे मॅकार्टनी ‘यस्टरडे’ गातो तेव्हा त्यातले काही पैसे त्याच्याचकडे परत येतात. उरलेला वाटा दुसऱ्याकडे जातो ही टोचणी मात्र खरी आहे, आणि ती त्याने कधी लपवली नाही.

मालकी गेल्याने पैशांहून मोठी गोष्ट जाते, ती म्हणजे ‘नाही’ म्हणण्याचा हक्क. १९८७मध्ये नायकेने बुटांच्या जाहिरातीत बीटल्सच्या मूळ आवाजातलं ‘रिव्होल्यूशन’ वाजवलं. रचनेच्या आणि मास्टरच्या मालकांकडून परवानगी घेतलेली होती, कागद चोख होते. बीटल्सची स्वतःची कंपनी ॲपल कोअर (फोनवाल्या ॲपलशी हिचा संबंध नाही) तरीही कोर्टात गेली. प्रकरण १९८९मध्ये तडजोडीने मिटलं.

आणि मास्टर कुणाकडे?

ईएमआयकडे. १९६२च्या करारात विकल्या गेलेल्या रेकॉर्डमागे चौघांना मिळून एक पेनी ठरली होती. माणशी पाव पेनी, त्यातून एपस्टाइनचा वाटा वजा. पुढे दर सुधारले, पण मास्टर कंपनीकडेच राहिले. २०१२मध्ये ईएमआय विकली गेली तेव्हा ते युनिव्हर्सल या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे आले. युनिव्हर्सल फार मोठी होईल म्हणून युरोपीय आयोगाने तिला ईएमआयची बरीच मालमत्ता विकायला लावली, ज्या पार्लोफोन लेबलवर बीटल्स घडले तेसुद्धा. बीटल्सचे मास्टर मात्र युनिव्हर्सलने सोडले नाहीत.

नाव, चेहरे आणि जीवनकथा ॲपल कोअरच्या हातात आहेत. मॅकार्टनी, रिंगो आणि लेनन व हॅरिसन यांचे वारस मिळून ही कंपनी चालवतात. कथापटासाठी चौघांची आयुष्यं आणि संगीत असे पूर्ण हक्क त्यांनी मेंडिसला दिले, हे पहिल्यांदाच घडलंय.

५६ वर्षांनी परत मागण्याचा हक्क

अमेरिकेच्या १९७६च्या कॉपीराइट कायद्यात एक दयाळू कलम आहे. जुन्या रचनांचे हक्क लिहिणाऱ्याने कुणाला दिले असले तरी कॉपीराइट सुरू झाल्यापासून ५६ वर्षांनी तो ते परत मागू शकतो. नोटीस आधी द्यावी लागते आणि हे फक्त अमेरिकेतल्या हक्कांना लागू आहे. १९६२च्या गाण्याला ही वेळ २०१८मध्ये येते, ‘यस्टरडे’ला २०२१मध्ये.

मॅकार्टनीने २००८पासून नोटिसा पाठवायला सुरुवात केली. पण डिसेंबर २०१६मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाने ड्युरॅन ड्युरॅन या दुसऱ्या ब्रिटिश बँडविरुद्ध निकाल दिला. इंग्लिश कायद्याखालच्या करारात हक्क लिहून दिले असतील तर अमेरिकेत ते परत मागणं हा करारभंग, असा त्याचा आशय. तोच फास आपल्याला बसू नये म्हणून जानेवारी २०१७मध्ये मॅकार्टनीने न्यूयॉर्कच्या कोर्टात सोनीविरुद्ध दावा लावला. जूनमध्ये दोघांत समझोता झाला, अटी गुप्त आहेत. म्हणून ‘गाणी मॅकार्टनीला परत मिळाली’ किंवा ‘नाही मिळाली’ असं कुणी ठामपणे सांगू लागलं, तर विश्वास ठेवू नका.

सही केली, मग तक्रार कसली?

हा आक्षेप रास्त आहे. सज्ञान माणसाने केलेला करार उठसूट मोडता आला तर कुणी पैसे गुंतवणारच नाही, आणि जेम्सने टीव्हीची दारं उघडली नसती तर पुढचं किती झालं असतं कोण जाणे. तरी विसाव्या वर्षी, गाण्याची किंमत कुणालाच ठाऊक नसताना केलेली सही लेखकाच्या मरणानंतर ७० वर्षांपर्यंत बांधून ठेवते (ब्रिटनमध्ये कॉपीराइटची मुदत तेवढी आहे), हे मला न्याय्य वाटत नाही. ठरावीक वर्षांनी पुन्हा एकदा बोलणी करायची संधी लिहिणाऱ्याला कायद्यानेच असावी. अमेरिकेचं कलम मला म्हणून पटतं.

भारताने वेगळी वाट धरली. आपल्याकडे कित्येक वर्षं निर्माता किंवा रेकॉर्ड कंपनी एकरकमी पैसे देऊन सगळं लिहून घ्यायची. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला आणि २०१२मध्ये कायदा बदलला. चित्रपटासाठी लिहिलेलं गाणं चित्रपटगृहाबाहेर कुठेही वापरलं गेलं, की गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा मिळायला हवा. तो हक्क कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज कुणाला लिहूनही देता येत नाही. मालकी परत मिळत नाही, पण लेखकाचा हिस्सा कुणी सहीने काढून घेऊ शकत नाही.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. यूट्यूब चॅनलसाठी, अल्बमसाठी किंवा मालिकेच्या शीर्षकगीतासाठी शब्द आणि चाली देणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींपैकी फार थोड्यांना ती माहीत असते. हक्क सोपवताना करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द छापील मसुद्यात घातलेले असतात ते याचसाठी, आणि सही करण्याआधी ते खोडायला सांगता येतात.